हेनकेन
(केडगाव इथं केलेलं भाषण)

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उतरवतो, कविता करतो. व्याख्याता नाही.

गेल्या पावसाळ्यात पोलादाच्या कॉइल घेऊन जपानहून बोट लागली. तिच्यावरल्या जपानी इंजिनिअरनं चहाच्या वेळी माझ्या वहीत शब्द लिहून दिला : हेनकेन. हेन म्हणजे कललेलं, केन म्हणजे बघणं. अग्रलेखातला ‘पूर्वग्रह’ तो हाच. वापरतात कसा? ‘हेनकेन ओ मोत्सु.’ हातात पेटी धरतात तिलाही मोत्सु. आणि ‘हेनकेन ओ सुतेरु’. कचरा टाकतात तोच सुतेरु. आपणही पूर्वग्रह ‘बाळगतो’च म्हणा. पण आपला पुढचा शब्द बघा : पूर्वग्रहदूषित. साला, विटाळ इथंही शिरलाच!

मी ‘बुराकुमिन’ म्हणालो, तर इंजिनिअरनं पेनला टोपण लावलं.

बुराकुमिन म्हणजे तिकडचे आपण. चामडं, मेलेली ढोरं त्यांच्याच वाट्याला. त्यांना ‘एता’ म्हणत. लिहायची अक्षरं ‘घाण’ आणि ‘पुष्कळ’. १८७१च्या फर्मानानं ते नाव रद्द झालं. रंग तोच, भाषा तीच. मग ओळखायचं कसं? पत्त्यावरनं. त्यांच्या वस्त्यांच्या याद्या चोरून विकल्या जात, आणि नोकरी देण्याआधी चाळायला मोठमोठ्या कंपन्या त्या विकत घेत. १९७५ साली हे उघडकीला आलं. आपल्याकडं यादीचा खर्चच नाही.

ह्याच केडगावात गेल्या महिन्यात बहिणीसाठी खोली बघितली. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मालक म्हणाला, ‘आडनाव काय म्हणालात?’ सांगितलं. ‘आमच्या मनात काही नाही हो, पण गावाकडनं भाऊ यायचाय राहायला.’

मनात काही नाही! मग हेनकेन कशाला म्हणायचं? त्याला जपानीत दुसरा शब्द आहे, साबेत्सु. वेगळं काढणं. हेनकेन डोक्यात असतं, साबेत्सु हातानं करतात. सोनई २०१३, खर्डा २०१४. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली गावं. तिथलं रक्त ‘पूर्वग्रह’ ह्या गुळगुळीत शब्दानं पुसता येत नाही.

बुराकुमिनांनी ३ मार्च १९२२ला क्योतोत सुइहेइशा काढली. सुइ म्हणजे पाणी, हेइ म्हणजे सपाट. पाण्यासारखी एका पातळीतली माणसं. आपलं चवदार तळं १९२७चं, इकडंही पाणीच. त्यांचं हत्यार होतं क्यूदान : अपमान करणाऱ्याला समोर बसवायचं आणि चारचौघांत जाब विचारायचा.

‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी आज सकाळीही तिथं होती. सभा संपली की मी जाणार आहे, भाऊ आला का विचारायला. यायचं त्यांनी चला.