ड्रायव्हर नसला तरी छपाई

पावसाळा तोंडावर आला, की भोर आणि वेल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या, सेवा केंद्रांवर गर्दी वाढते. कुणाला पीक कर्जासाठी सातबारा हवा, कुणाला शाळेसाठी दाखला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून ऑनलाइन मिळू लागला. तो पीडीएफ फाइल म्हणून उतरतो. घोडं अडतं ते छापताना. नवा संगणक म्हणतो, ‘ड्रायव्हर सापडत नाही’, आणि हिर्डोशी खोऱ्यातून आलेल्या माणसाचं लक्ष परतीच्या एसटीकडे.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा. पण ऑफिसात वापरायच्या अनेक नेटवर्क प्रिंटरांना पीडीएफ थेट वाचता येते. अशा प्रिंटरमध्ये एफटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीची, सोय असेल, तर फाइल सरळ त्याच्याकडे पाठवायची; तो ती साठवून ठेवत नाही, छापून मोकळा होतो. या पद्धतीचा पहिला आराखडा 1971 साली अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते.

आता कृती. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क सेटिंगचं पान छापून घ्या. त्यावर आयपी पत्ता असतो, समजा 192.168.1.50. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एफटीपी’ लिहून पुढे हा पत्ता टाका. नाव आणि पासवर्ड काय द्यायचा, ते प्रिंटरच्या माहितीपुस्तकात पाहा. मग ‘बायनरी’, त्यानंतर ‘पुट’ आणि फाइलीचं नाव, शेवटी ‘बाय’. या आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. फाइलीचं नावही इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता ठेवा. ब्राउझरच्या नादी लागू नका. क्रोम आणि फायरफॉक्सनं 2021 मध्येच एफटीपी काढून टाकलं.

‘बायनरी’ विसरलात, तर वाटेत फाइलीतली अक्षरं बदलू शकतात आणि पान बिघडतं. वर्डची फाइल तशीच पाठवली, तर आणखी गंमत. वर्डची डॉक्सएक्स फाइल ही मुळात झिप फाइल. प्रिंटर तिला साधा मजकूर समजला, तर कोपऱ्यात ‘पीके’ ही दोन इंग्रजी अक्षरं, पुढे नुसत्या अगम्य चिन्हांची पानंच्या पानं. कागद संपेपर्यंत थांबू नका, काम रद्द करा. मराठी मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमधून पाठवण्यातही अर्थ नाही. प्रिंटरच्या पोटात देवनागरी फॉन्ट सहसा नसतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा फाइलीबरोबरच जातो, म्हणून अक्षरं जशीच्या तशी उमटतात.

डोंगराळ भागात याचा मोठा फायदा असा, की याला इंटरनेट लागत नाही. रेंज गेली तरी वीज आणि राउटर चालू असला, की आधी उतरवलेली फाइल छापता येते. मात्र दोन्ही बाजूंनी छापणं, प्रतींची संख्या हे सहसा प्रिंटरवरच ठरवावं लागतं. घरी एकच प्रिंटर, तोही केबलनं जोडलेला असेल, तर या भानगडीत पडायचं कारण नाही.

आणि एक सांगतो. एफटीपीत पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघडी जातात. केंद्रात लोकांची आधार कार्डं छापली जातात, तेव्हा वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका, आणि वापर नसेल तर प्रिंटरमधली एफटीपीची सोय बंद ठेवा. नवा प्रिंटर घेताना मात्र दुकानदाराला आधी विचारा: ‘हा थेट पीडीएफ छापतो का?’