जुन्या वस्तूचा रास्त भाव



दिवाळीची साफसफाई सुरू झाली की पोटमाळ्यावरची अडगळ खाली येते. त्यातल्या काही वस्तू पुन्हा वर जातात, काही भंगारवाल्याकडे जातात, आणि हल्ली काहींचे फोटो ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चढतात. फोटो काढणं सोपं. घोडं अडतं ते किमतीच्या रकान्यापाशी. आज मुख्यतः त्या रकान्याबद्दलच बोलायचं आहे.

बहुतेक घरांत आधी जुनं बिल शोधलं जातं. 'अठ्ठावीस हजारांना घेतला होता, निम्मे तरी यायलाच हवेत!' हे 'यायलाच हवेत' मोठं चिवट असतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन, अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने 1990 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले, आणि मग मालकांना विचारलं केवढ्याला विकाल, बाकीच्यांना विचारलं केवढ्याला घ्याल. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती, तरी विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या तयारीच्या सुमारे दुप्पट निघाली. काही मिनिटांच्या मालकीची ही गोष्ट, तर पंधरा वर्षं ज्यावर दुपारची झोप काढली त्या दिवाणाबद्दल काय सांगावं!

घेणाऱ्याला तुमच्या बिलाशी देणंघेणं नसतं. तो एवढंच बघतो, की हीच वस्तू आज नवी केवढ्याला पडते. आणि हा आजचा भाव सारखा हलत असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून एसी आणि 32 इंचांहून मोठे टीव्ही यांच्यावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, सायकलींवरचा 12 वरून 5 वर. त्याआधी घेतलेल्या एसीच्या बिलात जो जास्तीचा कर आहे, तो तुम्ही सरकारला भरलाय. पुढच्या गिऱ्हाइकाने तो तुम्हाला का भरून द्यावा?

एसीच्या ताऱ्यांचंही तसंच. 2018 पासून वर्षभराच्या कार्यक्षमतेचा आकडा साडेचार असला की पाच तारे मिळत. जुलै 2022 मध्ये तो आकडा पाचवर गेला. म्हणजे जाहिरातीत तुम्ही अभिमानाने 'फाइव्ह स्टार' लिहिता तो एसी आजच्या हिशेबाने कमी ताऱ्यांचा असू शकतो. फ्रिजचे निकषही जानेवारी 2023 मध्ये बदलले. ते लेबल कोणत्या काळातलं आहे हे त्याच्यावरच छापलेलं असतं, आणि जाणतं गिऱ्हाईक आधी त्याचाच फोटो मागतं.

आता थोडं गणित मांडू. समजा, तुमच्या फ्रिजसारखा नवा फ्रिज आज 22,000 रुपयांना मिळतो. तुमचा सात वर्षं वापरलेला, तुम्ही मागता 11,000. घेणारा मनात त्यात टेम्पो आणि हमालीचे 2,000 मिळवतो. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नसेल तर आणखी थोडे. घरी नेल्यावर कॉम्प्रेसर गेला तर, म्हणून 2,000-3,000 तो बाजूला धरतो. झाले पंधरा-सोळा हजार. आणखी सहा-सात हजार घातले की नवाकोरा फ्रिज, वॉरंटीसकट, हप्त्यांवर, घरपोच. तो तुमच्याकडे कशाला येईल? तुम्ही सहा-साडेसहा हजार म्हणालात, तर मात्र फोन वाजायला लागतात. माझा ठोकताळा असा: विजेवर चालणारी धडधाकट वस्तू दोन-तीन वर्षांची असेल तर आजच्या नव्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास, पाच-सहा वर्षं उलटली की तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याकडे. दुकानदार एक्स्चेंजमध्ये काय देतो तेही विचारून ठेवा. त्याहून कमी घेण्यात अर्थ नाही.

काही जण इतरांच्या जाहिराती बघून भाव ठरवतात. बघाव्यात जरूर, पण त्यात मागितलेली किंमत दिसते, मिळालेली नाही. दोन महिने झळकत असलेली जाहिरात तुम्हाला एवढंच सांगते, की या भावाला कुणी घेतलेलं नाही.

याच्या उलट चूकही घरोघरी होते, आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं. ज्या वस्तूला खरोखर भाव आहे ती आपण 'जागा अडते' म्हणून देऊन टाकतो. सागवानी पलंग, जाड पत्र्याचं लोखंडी कपाट, पायाचं शिलाई मशीन, पितळी बंब, घंगाळ. भंगारवाला पितळ वजनावर घेतो, मोडीच्या भावाने. तो भाव विचारून घ्या, वजन करा, आणि त्या रकमेला खालची मर्यादा समजा. बंबाचा आकार, त्याची तोटी, त्यावरचं नाव हे वजनकाट्यावर येत नाही. पण घर सजवणारे आणि हॉटेलवाले पैसे मोजतात ते त्यासाठीच. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक फेरी मारलीत, तर आपण मोडीत घातलेलं काय भावाने विकलं जातं ते दिसेल. एक सावधगिरी मात्र हवी. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, किंवा ऐतिहासिक वा साहित्यिक मोल असलेली 75 वर्षांहून जुनी हस्तलिखितं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. देवघरातली जुनी मूर्ती किंवा पणजोबांची पोथी असेल, तर जाहिरातीच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

भुश्याच्या फळ्यांचं फर्निचर, म्हणजे पार्टिकल बोर्ड, याच्याकडून मात्र फार आशा ठेवू नका. एकदा स्क्रू काढले की ते पुन्हा घट्ट बसत नाहीत, आणि पाणी लागलं की कडा फुगतात. घेणाऱ्यांनाही ते आता कळलंय.

कधी विकता यावरही भाव ठरतो. कूलर मार्चमध्ये काढा, जुलैत त्याला कुणी हात लावत नाही. पुण्यासारख्या शहरात अभ्यासाचं टेबल, गादी, लहान फ्रिज यांना जून-जुलैमध्ये मागणी असते. बाहेरगावची मुलं तेव्हा खोल्या घेतात.

आता जाहिरात. 'फ्रिज विकणे आहे, उत्तम स्थितीत' यातून काहीच कळत नाही. कंपनी, किती लिटरचा, कोणत्या वर्षी घेतला, बिल आहे का, काय दुरुस्त केलं, मजला कितवा, विकण्याचं कारण काय, हे लिहा. टेपने मोजून उंची-रुंदी द्या. दारातून आत जाईल का, ही शंका घेणाऱ्याला असतेच. दिवसाउजेडी फोटो काढा, आणि डाव्या बाजूला पोचा असेल तर त्याचा फोटो आधी टाका. लपवलेला पोचा दारात आल्यावर दिसला की तिथे पाचशे कमी होतात. आधीच दाखवलेल्या पोच्यावर घासाघीस करायला तोंड उरत नाही.

घासाघिशीचं म्हणाल, तर आपल्या आज्यांनी ती बोहारणीशी केली. आधी दोन साड्या पुढे ठेवायच्या, पातेलं हाताळून बघायचं, नको म्हणून परत द्यायचं, आणि तिसरी साडी अगदी शेवटी काढायची. आता 'लास्ट किती?' असा दोन शब्दांचा मेसेज येतो. त्याला आकड्याने उत्तर देऊ नका. 'या, बघा, समोर बोलू' एवढंच लिहा. वस्तू न बघता भाव पाडणारा समोर आल्यावर पुन्हा पाडतो. मनातल्या किमतीवर दहा टक्के चढवून ठेवा. आणि 'माझ्यासाठी ठेवा, रविवारी नेतो' म्हणणाऱ्याकडून थोडा तरी इसार घ्या. नुसत्या शब्दावर दुसरं गिऱ्हाईक घालवू नका.

याहून जपायला हवं ते अजिबात घासाघीस न करणाऱ्याला. फेब्रुवारी 2021 मधली बातमी अनेकांच्या लक्षात असेल. दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. गिऱ्हाइकाने खातं तपासण्यासाठी म्हणून आधी किरकोळ रक्कम पाठवली. मग एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगितला. पैसे यायच्या ऐवजी आधी 20,000 गेले, आणि चूक दुरुस्त करतो म्हणत आणखी 14,000. शिकल्यासवरल्या माणसालाही हे होतं, कारण आपण पैसे मिळण्याच्या घाईत असतो. यूपीआयमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून पिन घातला की पैसे जातात. पैसे यायला पिन लागतच नाही, कधीच नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवायची यूपीआयमधली सोय ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, पण क्यूआर कोडचं सोंग चालूच आहे. ही माणसं बहुधा वस्तू बघायला येत नाहीत, सैन्यात आहे म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवतात, 'आमचा माणूस गाडी घेऊन येईल' म्हणतात. 'चुकून जास्त पाठवले, परत करा' हाही त्यांचाच प्रकार. मेसेजवर किंवा स्क्रीनशॉटवर विसंबू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली की मगच वस्तू हलू द्या. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

मोबाइल विकत असाल तर आधी त्यातून आपलं गूगल किंवा ॲपलचं खातं काढा, मगच फॅक्टरी रीसेट करा, आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती ठेवा. प्राप्तिकराची काळजी मात्र नको. स्वतःचं वापरलेलं फर्निचर, कपडे, घरगुती यंत्रं विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही; दागिने आणि चित्रं यांना ती सूट नाही.

पंधरा दिवसांत कुणी विचारलं नाही, तर किंमत दहा टक्क्यांनी उतरवा, आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा. आणि वस्तू गेली की त्याच संध्याकाळी जाहिरात काढून टाका, नाहीतर महिनाभर 'अजून आहे का?' असे फोन घेत बसावं लागेल.