मांजर घरी परतले नाही तर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय चिटणीसबाईंनी फळ्यावर लिहिला तेव्हा दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या, हे मी पाहिले. हसण्याला माझी हरकत नाही. पण हसणाऱ्यांपैकी एकीच्या घरची भाटी गेल्या पावसाळ्यात तीन दिवस बेपत्ता होती, आणि त्या तीन दिवसांत बाईंनी आमटीत दोनदा मीठ घातले होते, हेही मला ठाऊक आहे!

घरातले माणूस उशिरा यायचे असले तर ते फोन करते. मूल शाळेतून आले नाही तर त्याच्या बाईंना विचारता येते. मांजर मात्र कोठे जाते, कोणाच्या ओट्यावर बसते, याचा हिशोब कोणाला देत नाही. रात्री ताटली भरून ठेवावी आणि सकाळी ती तशीच भरलेली दिसावी, म्हणजे पोटात कालवाकालव होते. आणि बोलून दाखवावे तर घरातलेच म्हणतात, “मांजरच ते. येईल भूक लागली की.”

ही माया काही आजकालचे खूळ नव्हे. मूल जन्मले की सहाव्या दिवशी आपण जिची पूजा करतो त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानलेले आहे. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असा धाक आपल्या आज्या घालीत असत. तिकडे ईजिप्त देशात घरचे मांजर मेले म्हणजे घरातली सारी माणसे भुवया काढून टाकीत, असे हिरोडोटसने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. तेव्हा मांजरासाठी एखाद्या बाईने रात्र जागून काढली तर ती जगावेगळी ठरत नाही. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की ही काळजी खिडकीत बसून करू नये. तिला कामाला लावावे. तसे केले तर पुष्कळदा मांजर सापडते.

पहिला प्रश्न असा, की किती उशीर झाला म्हणजे उशीर म्हणायचा? याला सगळ्या मांजरांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. ज्याची त्याची रीत निराळी. नसबंदी न केलेला बोका माद्यांच्या हंगामात दोन-दोन, तीन-तीन दिवस घराचे तोंड पाहत नाही आणि मग कान फाटका घेऊन येतो. भाटी गाभण असेल तर दिवस मोजावेत. साधारण नऊ आठवड्यांत ती विते, आणि त्या सुमारास ती अडगळ शोधून गप्प बसते. पुढे पिल्ले सात घरे फिरवते ती निराळीच. अशी भाटी एक-दोन दिवसांत भुकेली होऊन खायला येते. त्या वेळी तिला कोंडू नये. हळूच मागोमाग जावे, म्हणजे पिल्लांचा ठिकाणा कळतो. पण नसबंदी झालेले, रोज सकाळ-संध्याकाळ ताटलीशी हजर होणारे मांजर लागोपाठ दोन वेळा जेवायला आले नाही, तर तिसऱ्या वेळेची वाट पाहू नये. तसेच म्हाताऱ्या आणि आजारी मांजराचे. बरे नसले की मांजर आडोसा धरते, त्यामुळे ते काही तास दिसले नाही तरी शोधायला लागावे.

दुसरा प्रश्न, शोधायचे कोठे? आपल्या डोळ्यांपुढे लगेच मोठे रस्ते येतात, नदीचा पूल येतो, भरधाव मोटारी येतात. खरे पाहता मांजर बहुधा जवळच असते. हरवलेल्या १२१० मांजरांची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ती परदेशातली आहे, पण मांजराचा स्वभाव काही देश पाहून बदलत नाही. त्या मांजरांपैकी शेकडा ३४ एका आठवड्याच्या आत मिळाली आणि वर्षभरात शेकडा ६१ मिळाली. सापडलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश मांजरे हरवल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत होती. आणि ज्यांनी स्वतः पायपीट करून शोध घेतला, त्यांना मांजर जिवंत सापडण्याचा संभव अधिक दिसला. अर्धा किलोमीटर म्हणजे आपल्या पेठेत किती, तर या मंडळापासून भाजी मंडईच्या अलीकडचा टप्पा. एवढे चालणे आपल्यापैकी कोणालाही जड नाही.

मग हाका मारल्या तर ते ओ का देत नाही? कारण भ्यालेले मांजर गप्प बसते. कुत्र्याने पाठलाग केला, पाय दुखावला, नवख्या जागी अडकले, की आवाज न करणे हेच त्याला शहाणपण वाटते. दोन वर्षांपूर्वी आमचा बोका चार दिवस आला नाही. शेजारच्या इमारतीत चौकशी केली तेव्हा, “आम्ही सगळीकडे पाहिले, नाही बाई,” असे उत्तर आले. सांगणारे खोटे बोलत नव्हते. पण जिन्याखालच्या खोलीला कुलूप होते. रंगाऱ्याने आपले डबे आत ठेवले होते आणि तो गावी गेला होता. चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता, रस्ता अगदी सामसूम असताना, मी त्या जिन्याशी उभी राहून नेहमीच्या आवाजात त्याला जेवायला बोलावले, तेव्हा दार खरवडल्याचा बारीक आवाज आला. आमच्या स्वयंपाकघरापासून ती जागा तीस पावलांवर होती.

यास्तव माझी पहिली विनंती अशी की, शेजाऱ्यांना “आमचे मांजर पाहिले का?” असे विचारून थांबू नका. “जरा कुलूप काढून पाहाल का?” असे विचारा. मीटरची खोली, पंपाची खोली, गच्चीवरची खोली, दुकानाचे गोदाम, मे महिन्यात किंवा गणपतीत गावी गेलेल्यांची बिऱ्हाडे, या सर्व जागा उघडून पाहाव्या लागतात. दुकानदार रात्री शटर ओढून घेतो, तेव्हा पोत्यांमागे कोण निजले आहे हे त्याला कोठून कळणार?

शोधायची वेळ रात्रीची किंवा पहाटेची. हातात बॅटरी घ्यावी. ती जमिनीलगत, मोटारींच्या खाली, भिंतींच्या फटींतून फिरवावी. मांजराचे डोळे उजेडात चकाकतात, आणि अंग दिसले नाही तरी ते दोन ठिपके दिसतात. वाकून पाहावे तसे वर मान करूनही पाहावे. जुन्या वाड्याची कौले, झाडाचे बेचके, खिडकीवरचे छज्जे सोडू नयेत. घरातल्या ज्या माणसाच्या हातचे ते जेवते त्याने जावे, आणि चार जणांनी मिळून गलका करू नये. आपल्या इमारतीचे फाटक रात्री बंद होत असेल तर वॉचमनला आधी सांगून ठेवावे, नाहीतर मांजर येऊन बाहेरच्या बाहेर परत जायचे.

पहाटेची माणसे विसरू नका. दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या ताई यांना आपल्यापेक्षा गल्ली अधिक ठाऊक असते. त्यांना नमस्कार करून विचारावे आणि मांजराचे छायाचित्र दाखवावे. छायाचित्र मात्र मांजर घरी असतानाच काढून ठेवायचे असते. दोन्ही कुशी, तोंड आणि शेपटी स्पष्ट दिसली पाहिजे, कारण पेठेत पांढरी-काळी मांजरे डझनावारी आहेत. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ते पाठवावे, आणि वाण्याच्या दुकानात कागदही लावावा. “मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा,” असा फोन आला तर आधी त्याच्याकडून मांजराचे ताजे छायाचित्र मागवावे. लबाड माणूस तेथेच गप्प होतो.

काही दिवस विशेष जपण्याचे असतात. दिवाळीत फटाक्यांना भिऊन मांजर एखाद्या बिळात शिरते आणि आवाज थांबल्यावरही बाहेर येत नाही. संक्रांतीच्या सुमारास नायलॉनचा मांजा झाडांत आणि तारांत लोंबत असतो. पावसाळ्यात आणि थंडीत मोटारीच्या इंजिनाशी ऊब असते, म्हणून घरच्या मंडळींना सांगा की, गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा.

पेठेत सध्या वाडे पाडून इमारती उठत आहेत, त्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. आपण सामानसुमान घेऊन भाड्याच्या जागेत जातो आणि मांजरालाही नेतो. आपले घर माणसांनी होते; मांजराचे घर मात्र वासाने आणि वाटांनी होते. नव्या जागी त्याला निदान तीन आठवडे आत ठेवावे, त्याचे जुने, न धुतलेले अंथरूण तेथे घालावे, मगच बाहेर सोडावे. तरीही ते गेलेच, तर प्रथम नव्या घराभोवती पाहावे आणि जुन्या जागेच्या शेजाऱ्यांनाही कळवून ठेवावे. पाडलेल्या वाड्याच्या राडारोड्यावर आपले मांजर बसलेले पाहून डोळ्यांत पाणी आलेल्या दोघी जणी आज येथे बसल्या आहेत.

मांजर परतले, की आनंदाच्या भरात वाटीभर दूध पुढे ठेवू नये. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. पाणी द्यावे, त्याचे नेहमीचे खाणे थोडे थोडे द्यावे आणि अंग चाचपून पाहावे. मारामारीतली जखम वरून मिटते आणि आत पू धरते. तोंडाला लाळ, अंगाला थरथर, नाकातून रक्त, किंवा उगाच मलूल पडणे यांपैकी काही दिसले तर तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. उंदीर मारण्याच्या काही औषधांचा परिणाम दोन-चार दिवसांनी दिसू लागतो, आणि वेळेवर नेले तर त्यांवर उपाय असतो. आपल्या डब्यातली तापाची गोळी त्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. कित्येक दिवस उपाशी राहिलेले मांजर खायला नाकारीत असेल तर तेही दुखणेच समजावे. आणि घाबरलेले मांजर आपल्यालाच चावले वा बोचकारले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लसीचे विचारावे. पिसाळण्याचा रोग कुत्र्यापासूनच होतो असे नव्हे.

शोधाशोधीची पाळीच कमी यावी, असे वाटत असेल तर तीन गोष्टी करा. नसबंदी करून घ्या. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि नसबंदी झालेला बोका सहसा लांब भटकत नाही. पिसाळण्याच्या रोगाची लस दर वेळी डॉक्टर सांगतील तेव्हा टोचून घ्या. आणि संध्याकाळचे जेवण ठरल्या वेळी घरात द्या व मग दार लावा, म्हणजे रात्र तरी सुरक्षित जाते. गळ्यात पट्टा घालायचा तर ओढ बसताच सुटणारा घालावा आणि त्यावर फोनचा क्रमांक लिहावा. सुतळी कधी बांधू नये, ती फांदीत अडकून फास बसतो.

इतके करूनही काही मांजरे येत नाहीत. आपल्या मंडळातील एक वयस्क सभासद घरी एकट्या असतात, मुले परदेशी आहेत. त्यांची मनी गेली ती आलीच नाही. मेलेले दिसले असते तर चार दिवस रडून मन ठिकाणावर आले असते. पण न आलेल्याची वाट संपत नाही. कित्येक महिने त्या जिन्यात ताटली ठेवीत होत्या. कोणी तरी त्यांना म्हणाले, “दुसरे आणा की एखादे.” असे म्हणू नये, भगिनींनो. दुसरे आणायचे की नाही आणि केव्हा, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे. आपण त्यांच्याकडे जाऊन बसावे, मनीच्या खोड्या ऐकाव्यात, हवे तर पुन्हा एकदा बॅटरी घेऊन बरोबर फिरावे.

म्हणून मी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, कपाटाजवळ एक वही ठेवावी. तीत हरवलेल्या आणि सापडलेल्या मांजरांची नोंद तारीख, रंग व खुणा यांसह प्रत्येकीने करावी. दुसरी, आपापल्या इमारतीतल्या बंद खोल्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, त्यांची नावे आणि फोन एका कागदावर लिहून तो त्याच वहीत चिकटवावा. याला वर्गणी लागत नाही आणि ठरावाचीही गरज नाही. वही मी आज बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी ती चिटणीसबाईंच्या टेबलावर असेल.