आश्रमातला माणूसही नागरिकच

निराधारांना आसरा देण्याची पनवेल परिसराची परंपरा जुनी आहे. नेरे गावच्या शांतिवन या संस्थेत कुष्ठरुग्णांना आणि वृद्धांना हक्काचं छप्पर मिळालं. पण याच पनवेल तालुक्यात, कळंबोलीच्या कल्याणी महिला बालसेवा संस्थेत, गतिमंद मुलींवर होणारे अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं संस्थाचालकाला दोषी ठरवलं. उच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीची माणसं आत गेली, म्हणून या मुलींच्या व्यथेला वाचा फुटली. निवासी संस्थेतल्या माणसाचं रक्षण चालकाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. त्याचं ऐकून घेणारं बाहेरचं कुणीतरी नियमित आत गेलंच पाहिजे.

कायद्यानं काही वाट दाखवली आहे. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. आज २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा साखळदंडाला मनाई करतो. मनोरुग्णाचे केस बळजबरीनं भादरायचे नाहीत, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे, सक्तीनं राबवायचं नाही, असंही तो बजावतो. वृद्धाश्रमातल्या आजीला मात्र इतक्या स्पष्ट शब्दांत हक्क मिळालेले नाहीत. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद करतो. पण तिथला दर्जा कसा असावा, हे राज्य सरकारवर सोपवतो. लेकीला फोन करायचा तर परवानगी कुणाची, अनामत रक्कम परत कधी मिळणार, हे आजीनं विचारायचं कुणाला?

काहीजण म्हणतील, देणग्यांवर कशाबशा चालणाऱ्या संस्थांना तपासणीचा जाच झाला, तर त्या बंदच पडतील. पण मोकळेपणानं बोलू द्यायला पैसा लागत नाही, आणि चोख संस्थेला पाहुण्याची भीती नसते. दुसरा आक्षेप असा, की विस्मरण झालेल्या किंवा गतिमंद माणसाच्या तक्रारीवर विसंबायचं कसं? तक्रार तपासून खरी-खोटी ठरवता येते. ती ऐकलीच नाही, तर तपासणार काय? प्रत्येक संस्थेवर चालकाशी लागेबांधे नसलेली स्थानिक देखरेख समिती असावी आणि तिनं न कळवता भेट द्यावी, ही मागणी आपण पनवेलकरांनी सरकारकडे लावून धरली पाहिजे.

वाढदिवसाचं जेवण द्यायला तुम्ही आश्रमात जाल, तेव्हा फोटो काढून लगेच परतू नका. तिथल्या माणसांजवळ बसा, त्यांचं ऐका. काही खटकलं, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मुलांसाठी १०९८ या क्रमांकांवर जरूर कळवा.