पॅडमधले दाणे आणि बांधावरची घायपात

(महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मी रसायनशास्त्र शिकवते. पर्यावरणाला न मारणाऱ्या वस्तूंबद्दल काय नवं संशोधन चाललंय, ते सांगायला मला बोलावलंय. विषय जड वाटेल म्हणून सोबत एक पॅड आणि कात्री आणली आहे. पुढच्या रांगेत हसू फुटलं, हरकत नाही.

हे कापलं. वरची जाळी प्लॅस्टिकची, खालचा थरही प्लॅस्टिकचा. मध्ये लाकडाचा लगदा आणि त्यात हे साखरेसारखे दाणे. त्यांचं नाव सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पाणी ओतते. बघा, जेली झाली! स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी हे दाणे धरतात. आता चिमूटभर मीठ टाकते. सुटलं ना पाणी? रक्तही खारटच असतं, तेव्हा जाहिरातीतल्या निळ्या पाण्यावर जाऊ नका.

या दाण्यांमुळे पॅड पातळ झालं, दिवसभर कामावर जाणाऱ्या बाईची सोय झाली, हे खरंच आहे. साडीखाली दडवून वाळवलेली दमट फडकी मी वापरली आहेत. मला त्या दिवसांचं कौतुक नाही. पण हे दाणे खनिज तेलापासून बनतात आणि मातीत सहजी कुजत नाहीत. वापरलेलं पॅड शेवटी कुणाच्या हातात येतं? 2013 साली पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक बायांनी अशा पॅडची पोती थेट कंपन्यांना परत पाठवली होती. 2016 च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना पॅडसोबत गुंडाळायला वेष्टन द्यायला सांगितलं. आतला माल तोच राहिला.

आता दुसरी गोष्ट. 2023 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटानं, केनियातल्या अ‍ॅलेक्स ओडुंडो यांच्यासह, सिसालपासून पॅडचा कापूस केल्याचं प्रसिद्ध केलं. सिसाल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपातीचीच जात. तिच्या वाखाचे दोर मातंग घरांतल्या बायांनी पिढ्यानपिढ्या वळले. वाख राठ असतो, कारण लिग्निन नावाचा चिवट पदार्थ त्यातले तंतू जखडून ठेवतो, पाणी आत शिरू देत नाही. फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंगी चावल्यावर झोंबतं ते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणानं लिग्निन सुटतं. मग धुवायचं, पिंजायचं. हा कापूस नेहमीच्या कापसापेक्षा जास्त शोषतो. क्लोरीन लागत नाही, आणि घायपात कोरड्या रानातही तगते. मोठ्या कारखान्याशिवाय, जिथं वाख तिथंच हे व्हावं, असा त्यांचा विचार आहे.

लगेच टाळ्या वाजवू नका. खालच्या थराचा प्रश्न शिल्लक आहेच. शिवाय ते मिश्रण कातडी भाजतं, डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. उद्या बचत गटाच्या नावानं ही योजना आली, तर हातमोजे कोण देणार, उरलेलं आम्लाचं पाणी कुठं सोडणार, हे सही करण्याआधी विचारा. आणि दोर वळणारीला त्यात मजुरी मिळणार की भागीदारी, तेही.

तुमच्यापैकी दोघींनी वाखाची पेंडी आणायचं कबूल केलंय. आमच्या प्रयोगशाळेत वाफा ओढून घेणारी पेटी एकच आहे, त्यामुळे एका वेळी चौघींनाच आत घेता येईल. नावं बाहेरच्या टेबलावर लिहून द्या.