ऑक्सफर्डची कायद्याची मुलाखत

ऑक्सफर्डला कायदा शिकायचा, तर मुलाखतीआधी कलमं पाठ करायची का? अजिबात नको. कायद्याचं पूर्वज्ञान तिथे अपेक्षितच नसतं. पाहतात ते तुम्ही विचार कसा करता.

समजा, नियम आहे: ‘उद्यानात वाहनांना मनाई’. मग सायकल चालेल? बाळाची ढकलगाडी? आणि रुग्णवाहिका? ऑक्सफर्डचेच प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी 1958 साली हे उदाहरण गाजवलं. मुलाखतीत तुम्ही ‘वाहन’ची व्याख्या केलीत, की समोरचे प्राध्यापक लगेच ती मोडणारं उदाहरण पुढे करतात. अशा वेळी हट्टानं अडून बसू नका, आणि घाबरून लगेच मतही बदलू नका. नियम कशासाठी केला असेल, हे मोठ्यानं बोलत शोधा. सराव घरीही होतो: सोसायटीच्या नियमांवर वाद घाला, विषय संपता संपणार नाहीत!

आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या महिला. 1892 साली परीक्षा दिली, पण पदवी हाती पडली 1922 साली.

अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करायचा असतो. मुलाखती डिसेंबरात, आता ऑनलाइन होतात. उतारा समोर ठेवला, तर सावकाश वाचा.