कारखाना बंद, हमीपत्राचे काय?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पंखा किंवा मोटार विकताना कंपनी ग्राहकाच्या हाती जे हमीपत्र ठेवते, ते सौजन्य नव्हे. त्याचे मोल विक्रीच्या किमतीतच वसूल झालेले असते. पैसा ग्राहक पहिल्या दिवशी मोजतो. दुरुस्ती मात्र कंपनी पुढे केव्हातरी देणे लागते. म्हणजे ग्राहक हा धनको ठरतो, पण बँकेसारखे तारण त्याच्याजवळ नसते. कंपनी बुडाली की हा भेद उघडा पडतो.

हमीपत्र त्या दिवशी रद्द होत नाही. ते देणे म्हणून उरते, पण रांगेत. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ ने ही रांग आखली आहे. प्रथम अवसायनाचा खर्च, मग तारणधारी धनको आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी, पुढे इतर नोकरांचे वेतन, विनातारण कर्जे, सरकारी देणी. आणि त्यानंतर ‘उर्वरित देणी’. नादुरुस्त पंख्याचा मालक तेथे उभा असतो. (त्याच्या मागे फक्त भागधारक, एवढेच समाधान!) कंपनी नव्या मालकाकडे गेली, तर मंजूर योजनेत नसलेला दावा संपुष्टात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ठरविले.

बाजार आपले आपण पाहून घेईल, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचा २००९ चा अनुभव आठवावा. जनरल मोटर्स व क्रायस्लर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होत्या. बुडत्या कंपनीची मोटार घेणार कोण? अखेर ३० मार्च २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांच्या हमीपत्रांमागे सरकार उभे केले आणि त्यासाठी सुमारे ६४ कोटी डॉलर बाजूला काढले. ही रक्कम पुढे परत आली. पण मुक्त बाजाराच्या माहेरघरी भांडवलदाराच्या शब्दाला जामीन राहिला तो सरकारी खजिना, हे विसरता येत नाही.

गोष्ट तेथे संपली नाही. नव्या जनरल मोटर्सने छापील हमी स्वीकारली. जुन्या कंपनीची इतर अनेक देणी मागे टाकली. २०१४ साली इग्निशन स्विचमधील दोषापायी सुमारे २६ लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीतील काहींना तो दोष अनेक वर्षे ठाऊक होता. तरीही नुकसानभरपाईच्या दाव्यांपुढे नव्या कंपनीने दिवाळखोरीच्या आदेशाची ढाल धरली. ज्या मोटारधारकांना सूचनाच दिली नव्हती, त्यांच्याविरुद्ध ही ढाल चालणार नाही, असे अपील न्यायालयाने २०१६ साली बजावले.

याच कंपनीचा तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. भारतातील विक्री २०१७ अखेर बंद करताना तिने ग्राहकांना हमी पाळण्याचे आश्वासन दिले होते. चौदाशेहून अधिक कामगारांच्या रोजगाराला मात्र तसले हमीपत्र नव्हते. त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२३ साली जमीन, इमारती व काही यंत्रे ह्युंदाईने विकत घेण्याचा करार केला. करार मालमत्तेचा होता.

म्हणून मागणी अशी हवी: प्रत्येक विक्रीतील हमीचा हिस्सा कंपनीच्या तिजोरीत न राहता वेगळ्या विश्वस्त निधीत जमा व्हावा, आणि अवसायकाला त्यास हात लावता येऊ नये.

तोवर कार्यकर्त्यांनी ग्राहकाला दोन गोष्टी सांगाव्यात. दुकान चालू असेल तर पावती जपून ठेवावी, कारण १९३० च्या मालविक्री कायद्याखालील विक्रेत्याची जबाबदारी उत्पादकाच्या दिवाळखोरीने आपोआप संपत नाही. आणि अवसायकाची जाहीर सूचना वृत्तपत्रात आली की मुदतीच्या आत दावा लेखी दाखल करावा.